एकाला नऊ

मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर १९५०च्या दशकात रोज माणसांचे घोळके उभे असायचे. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात कापसाची गासडी विकत घेतली नव्हती, पण न्यूयॉर्कला आज कापूस कितीला उघडला आणि कितीला बंद झाला हे त्यांना तोंडपाठ असे. तिथल्या कॉटन एक्स्चेंजचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि त्या भावांतल्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. भाव ठरवणारा बाजार सातासमुद्रापार, त्यामुळे मुंबईतल्या कुणाला तो फिरवता येईल अशी शंका कुणाच्या मनात येत नसे. या आकड्यांच्या जुगाराची सगळी पत या अंतरावर उभी होती.

मुंबईला असल्या पैजांचा सोस जुनाच. पायधुणीला एकोणिसाव्या शतकात पावसावर सट्टा चालायचा. अमुक वेळात पाऊस पडेल का, पन्हळ वाहील का, यावर व्यापारी पैसे लावत. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा वाचायला घेतला की शहराने कशाकशावर पैजा लावल्या याची यादीच हाती लागते. कापसाचा बाजारभाव आणि तो भाव लिहिताना येणारे आकडे, शेअरचे भाव, एवढेच नव्हे तर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या नंबरातले आकडे. लोकांनी नवी पैज काढायची आणि सरकारने कायद्यात नवे कलम घालायचे, असा हा पाठलाग दीर्घकाळ चालला. पण महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यावर लावलेला पैसा कायद्याला चालत होता. साहेबाचा शौक आणि गिरगावकराचा नाद यांत कायद्याने तेव्हापासूनच फरक केला.

१९६१ साली न्यूयॉर्कहून आकडे येणे बंद झाले आणि पंटर मंडळी एकाएकी पोरकी झाली. हा धंदा सावरला दोन स्थलांतरितांनी. कल्याणजी भगत हे कच्छमधल्या रताडिया गावचे शेतकरी. १९४१ला मुंबईत आले, मसाल्याची फेरी केली, पुढे वरळीत किराणा दुकान सांभाळले. दुसरे रतन खत्री, कराचीहून आलेले सिंधी. कापसाच्या खऱ्या भावाची गरजच नाही, आकडा आपणच काढू, असा सोपा आणि धाडसी विचार पुढे आला. सुरुवातीला आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढत. मडके लवकरच गेले, पत्ते आले, नाव मात्र मटकाच राहिले. कल्याणजींचा वरळी मटका १९६२पासून विनोद महल या इमारतीच्या आवारातून चाले, तो आठवड्याचे सातही दिवस. खत्रींनी १९६४ला आपला वेगळा मटका सुरू केला. तो सोमवार ते शनिवार, रविवारी सुट्टी.

खेळ असा. राजा, राणी, गुलाम काढून टाकलेल्या पत्त्यांतून तीन पाने काढायची; दश्शी म्हणजे शून्य. समजा तिर्री, पंजी आणि छक्की आली. बेरीज १४, म्हणून ओपनचा आकडा ४, आणि ३५६ ही त्याची पत्ती. ही ओपन रात्री नऊच्या सुमारास फुटे. मध्यरात्री पुन्हा तीन पाने काढली की क्लोज. क्लोज ९ आला तर जोडी ४९. एका आकड्याला एक रुपया लावला आणि तो लागला, तर नऊ रुपये. जोडी लागली तर नव्वद. एवढे सांगितले की नियम संपले. अंगठेबहाद्दर माणसालाही ते एका दमात कळत, आणि बिडीच्या दुकानापाशी बसून आकडे लिहून घेणारा रायटर वेगळा भाव सांगू लागला तर तो त्याला तिथल्या तिथे धरू शके.

त्या नवात पेढीचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, नफा उघडाच बसलेला होता. दहा आकड्यांवर दहा जणांनी एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जमतात आणि नऊ वाटले जातात. दहातला एक पेढीचा. जोडीलाही तेच गणित, शंभरातले दहा. कॅसिनोतले ३७ घरांचे रूलेट त्या मानाने उदारच म्हणायचे. तिथे शंभरामागे पेढीकडे पावणेतीन रुपयांच्या आसपास राहतात. म्हणजे भावाच्या हिशेबात मटका महाग होता. तरीही परळ-लालबागच्या कामगाराचा मटका अनेकदा चिल्लरीत निभावला जायचा, याला कारण घड्याळ. दिवसात दोनदाच आकडा फुटणार. दोन रुपये लावून ओपनला हरलेला माणूस फार तर क्लोजला आणखी दोन लावणार, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात चोळत बसावे लागणार. हरलेले पैसे लगेच भरून काढायची खुमखुमी जुगाऱ्याला खड्ड्यात घालते. मटक्यात त्या खुमखुमीला वाटच नव्हती. ही शिस्त पंटरने कमावलेली नव्हती, खेळाच्या रचनेतच ती आयती आलेली होती. शिवाय खत्रींकडचा रविवार होताच.

गिरणगावात मटका मुरला तो तिथल्या वेळापत्रकामुळे. दुसऱ्या पाळीचा कामगार मध्यरात्रीच्या सुमाराला साचा सोडून बाहेर पडे, तेव्हाच क्लोज फुटलेला असे. गेटवरच्या चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न 'काय आलं?' हा. सिगारेटच्या पाकिटातल्या कागदावर पेन्सिलने लिहिलेला आकडा, त्याखाली रक्कम, आणि रायटरकडच्या वहीत कार्बनखाली उमटलेली त्याची नक्कल, एवढाच या व्यवहाराचा दस्तऐवज. त्यावर ना सही ना शिक्का, आणि व्यवहार बेकायदा असल्याने कोर्टात जायची सोयही नाही. तरीही सकाळी पैसे मिळत. एखाद्या आकड्यावर फार पैसा लागला तर छोटा बुकी तो बोजा वरच्या बुकीकडे 'कटिंग' करून हलका करी. पैसे बुडवलेल्या रायटरकडे गल्लीतले कुणी पुन्हा फिरकणार नाही, हाच इथला कायदा. खत्रींनी तर पत्ते काढण्याचाच जाहीर कार्यक्रम केला. आलेल्या कुणालाही, कधी सिनेमातल्या मंडळींनाही ते पाने काढायला लावत, असे जुने लोक सांगत. निकाल मग टेलिफोनवरून शहराबाहेर पळे. १९७५च्या फिरोज खानच्या 'धर्मात्मा'मध्ये प्रेमनाथने रंगवलेला मटकेवाला खत्रींवरूनच बेतलेला होता. त्याच सुमाराला आणीबाणी लागली आणि खरे खत्री दीडेक वर्ष तुरुंगात गेले.

याचा अर्थ मटका सात्त्विक होता असा मुळीच नाही. दहा तारखेचा पगार घरी पोहोचण्याआधी फुटे, पठाण सावकाराचे व्याज डोक्यावर बसे, स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा असे सांगणारे बुवा आपले खिसे भरत. दोन रुपयांवर थांबणारे होते तसे वीस लावणारेही होते, आणि त्यांच्या बायकांना घड्याळाच्या शिस्तीचे कौतुक वाटले नसते. हा पैसा पुढे गुन्हेगारीकडे कसा सरकला, हेही शहराने पाहिले. २००८ साली कल्याणजींचे चिरंजीव सुरेश भगत अलिबागहून परतत असताना ट्रकने त्यांच्या गाडीला चिरडले. तो अपघात नव्हता, खून होता, आणि २०१३मध्ये त्यात शिक्षा झालेल्यांत घरचीच माणसे होती.

सरकारची भूमिका या सगळ्यात मोठी गमतीची. बक्षिसांच्या शब्दकोड्यांवर मुंबई सरकारने १९४८मध्ये कायदा करून नियंत्रण आणि कर लादला. चमारबागवाला खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याच्या बाजूने कौल देताना, जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही, असे ठरवले. निकालपत्रात ऋग्वेदातल्या आणि महाभारतातल्या द्यूताचाही दाखला आहे. त्यानंतर बारा वर्षांनी, १९६९च्या एप्रिलमध्ये, महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी काढली. १९७६चा कॅसिनो कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३मध्ये रद्द झाला. शेजारच्या गोव्याने मात्र १९९२मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आणि १९९६मध्ये जहाजावरचा जुगार यांना वाट करून दिली. आज मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंत शनिवारी रात्री मराठी जितकी ऐकू येते, तितकी काही सरकारी कार्यालयांतही येत नसेल.

१८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या विझल्या तशी गेटवरची गिऱ्हाइकेही पांगली. मटका उपनगरांत सरकला, पण पाळी सुटल्यावर आकडा विचारणारा तो ठरलेला घोळका पुन्हा जमला नाही.

मटक्यात नसलेली, फुकट देण्याची रीत मराठी पंटरला दिसली ती गोव्याच्या कॅसिनोंत, मांडवीच्या धक्क्यावर. प्रवेशाच्या पैशांत जेवण, दारू आणि वर काही चिप. त्या चिपवर 'एकदाच खेळा' अशी अट. टेबलावर लावता येतात, खिडकीवर नेऊन रोख करता येत नाहीत. ऑनलाइन कॅसिनोने हीच युक्ती मोठी करून तिला बोनस म्हटले. दहा हजार भरा, दहा हजार आमच्याकडून. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की बोनसच्या तीसपट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे तीन लाखांच्या पैजा. शंभरातले चार रुपये पेढीकडे ठेवणाऱ्या स्लॉटवर, म्हणजे जुगाराच्या यंत्रावर, तीन लाख फिरवले, तर सरासरीने बारा हजार जातात. फुकटचे दहा गेलेच, पदरचे दोनही गेले. शंभरात चार हा भाव मटक्याच्या दहापेक्षा कितीतरी बरा दिसतो, पण बटण मिनिटाला दहा वेळा दाबता येते. दहा रुपयांच्या पैजेने तासाभरात सहा हजार फिरतात आणि दोनशे चाळीस रुपये निघून जातात. रोज चार रुपये लावणाऱ्या मटकेवाल्याला पेढीला एवढे द्यायला सरासरीने सहाशे दिवस लागले असते.

म्हणूनच नियामकांचा हात आता बोनसच्या अटींवर पडू लागला आहे. स्वीडनने २०१९पासून बोनस फक्त पहिल्या खेळापुरता ठेवला. ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२५मध्ये दहापटीची कमाल मर्यादा जाहीर केली. भारताने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुळावरच घाव घातला. पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर, नशिबाचे असोत की कौशल्याचे, संसदेने बंदी आणली. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेले नाही.

रतन खत्री ९ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, मुंबईत वारले. 'कल्याण' आणि 'मेन' ही मटक्यांची नावे मात्र इंटरनेटवर फिरतच राहिली, खाली जुन्या आकड्यांचे तक्ते, वर फोन नंबर. भाव आता नवाचा राहिलेला नाही. कुणी दहाला पंचाण्णव लिहितो, कुणी सरळ दहाला शंभर. दहा आकडे, प्रत्येकावर दहा रुपये, जमले शंभर आणि वाटले शंभर. या हिशेबात चालवणाऱ्याला दमडीही उरत नाही. पत्ते कुठे काढतात आणि कोण काढतो, हे त्या पानावर कुठेच लिहिलेले नसते. किमान किती पैसे साठल्यावर ते काढता येतील, हे लिहिलेले असते.