सफाई करणाऱ्याचा श्वास

आजचा विषय आपण एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. "तुम्ही काम काय करता?" वैद्यानं रोग्याला हे विचारलंच पाहिजे, असं इटलीतल्या बर्नार्डिनो रामात्सिनीनं 1700 साली लिहिलं. कामामुळे होणाऱ्या रोगांवरच्या त्याच्या ग्रंथात शौचकूप उपसणारे आहेत, तशा कपडे धुणाऱ्या बायकाही आहेत.

पुढे 1774 मध्ये शेलेनं क्लोरीन वायू तयार केला. हा वायू गुदमरवतो, हे त्यानं तेव्हाच नोंदवलं होतं बरं का! 1785 च्या सुमारास बर्तोलेनं त्यानं कापड पांढरं करून दाखवलं आणि 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं कोरड्या भुकटीचं पेटंट घेतलं. हीच आपली ब्लीचिंग पावडर.

1847 मध्ये व्हिएन्नात झेमेलवाइसनं डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. त्याच्या प्रसूतिकक्षात एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे 18 बाळंतिणी दगावत होत्या; जुलैत हे प्रमाण 1 च्या आसपास आलं. म्हणजे या रसायनानं जीव वाचवले, हे आपण विसरायचं नाही.

पण त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कारखान्यांत ही पावडर पिंपांत भरणारे कामगार तोंडावर फ्लॅनेलचे जाड थर बांधून काम करत. पावडर वापरणाऱ्याचं नाव इतिहासात राहिलं, भरणाऱ्याचा श्वास मात्र नोंदीबाहेर गेला.

आता आपल्या काळात येऊ. 2018 मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांवर लोकांचा सुमारे 20 वर्षांचा अभ्यास मांडला. सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा जास्त वेगानं घटलेली दिसली. त्यात कामावर सफाई करणाऱ्या होत्या, तशा फक्त घरची सफाई करणाऱ्याही.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो, अमोनिया पडला की क्लोरामाइन. दोन्ही श्वासनलिका जाळतात. फवाऱ्याचे बारीक थेंब तर श्वासाबरोबर आत जातात. म्हणून दोन रसायनं एकत्र करायची नाहीत, खिडकी उघडी ठेवायची, आणि फवारण्याऐवजी फडक्यावर ओतून पुसायचं.

आपल्या इमारतीचा जिना पुसणाऱ्या मावशींना खोकला येत असेल, तर आपण बहुधा "औषध घेतलंत का?" एवढंच विचारतो. बादलीत काय काय ओतलंय आणि ती बाटली आणून कोणी दिली, हेही आपणच विचारायला हवं.