बेकारीचा भत्ता आणि हजेरीपटातले नाव

माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा आकडा बहुतेक शिक्षकांच्या पगारपत्रकात असतो, पण तो आला कुठून, हे फार थोड्यांना माहीत असते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसे खडी फोडायला उतरली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली. तिला पैसा मिळावा म्हणून १९७५ मध्ये पगारदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसला.

१९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले होते. ही खैरात नव्हती, हक्क होता. पण तो खेड्यांसाठी आणि लहान, 'क' वर्ग नगरपालिकांसाठी होता. मालेगाव-भिवंडीचा लूम कामगार त्यात बसला नाही.

शहरी कामगारासाठी १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा होता. त्यात आजारपण, बाळंतपण, अपघात यांची सोय होती, बेकारीची नव्हती. ती २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने आली. कारखाना बंद पडला किंवा कामगारकपात झाली, तर निम्मा पगार सहा महिने. ही मुदत पुढे एक वर्ष आणि नंतर दोन वर्षे झाली. २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात सरासरी कमाईच्या २५ टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती ५० टक्के झाली. नोकरी सुटल्यावर ९० दिवस थांबण्याची अट ३० दिवसांवर आली. योजनेची मुदतही पुढे वाढत गेली.

कागदावर हे चांगलेच आहे. पण टाळेबंदीत लूम थांबले, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी यातले काही पोचले नाही. विमा कायदा साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू होतो. आपल्याकडे कारखाने लहान, मजुरी मीटरवर, हजेरीपट नावालाही नाही. काम असताना ज्याचे नाव कुठे लिहिले गेले नाही, तो काम गेल्याचे सिद्ध कसे करणार? ती घरे उसनवारीवर, किराणा दुकानदाराच्या वहीवर आणि रमजानच्या जकातीवर चालली. जकातीने चूल पेटली, पण पुढच्या मंदीची सोय झाली नाही.

म्हणून मला वाटते, भत्त्याची मुदत वाढवा, ही आपल्या वस्तीची दुसरी मागणी असावी. पहिली मागणी प्रत्येक लूम कामगाराची नोंद आणि विमा क्रमांक ही असावी. रोजगार हमीतही मजूर आधी नाव नोंदवत असे आणि मगच काम मागत असे.