सोनं आपट्याचं की कांचनाचं?

मागच्या दसऱ्याला आमच्या गटातल्या चौघीजणी बोरिवली स्टेशनबाहेर सोनं घ्यायला गेलो. पालघर-डहाणूकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. पुढ्यात झेंडू, भाताच्या लोंब्या आणि जोडपानांच्या जुड्या. आम्ही चांगली मोठ्या पानांची जुडी उचलली. आमच्यातल्या काकूंनी पान उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा कांचन. आपटा नव्हे."

विकणारी काही लाजली नाही. "ताई, आपट्याचं पान दिलं की गिऱ्हाईक म्हणतं, एवढंसंच? मोठंच पाहिजे असतं सगळ्यांना. मग मोठंच आणतो."

दोन्ही झाडं एकाच प्रजातीतली. त्या प्रजातीचं शास्त्रीय नाव बाउहिनिया. बाउहिन आडनावाचे दोन भाऊ वनस्पतींचे अभ्यासक होते, आणि एका देठावरचं हे जुळं पान त्यांच्यासारखं, म्हणून ते नाव. गंमत म्हणजे कांचन या शब्दाचा अर्थच सोनं. तरी दसऱ्याचा मान आपट्याला.

हा मान कुठून आला? गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या, रघुराजाच्या धाकाने कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. आपण सांगतो की तो आपट्यावर पडला, कोणी शमीवर म्हणतात. पण कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ही कथा सांगितली आहे, तिथे सोनं पडतं ते राजाच्या कोषागारात. झाडाचं नावही नाही! म्हणजे झाड लोकांनी जोडलं. आम्हाला वाटतं, बरंच केलं. राजाच्या खजिन्यातलं सोनं आपल्या हाती कधी आलं असतं? पुढे मराठेशाहीत पावसाळा सरला की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायची रीत होती, आणि सोनं लुटण्याला आणखी एक अर्थ चिकटला. एरवी आपटा गरिबाघरचंच झाड. सालीचा दोर वळायचा, पानाची विडी करायची.

पानावरून असा घोळ आपल्याकडेच होतो असं नाही. दुभत्या जनावराला तुम्ही बरसीम घालता ना? त्याच्याच जातीच्या लहान रोपाला आयर्लंडमध्ये शॅमरॉक म्हणतात. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, ते कोटावर लावतात. त्याची पानं तीनच. देवाची तीन रूपं त्या संताने याच पानावरून समजावली, अशी आख्यायिका आहे. नशिबाचं म्हणतात ते चार पानांचं. ते वेगळं झाड नाही. तीनपानी रोपाला क्वचित चौथं पान फुटतं, आणि सापडेल त्याचं भाग्य उघडलं असं मानतात. परके लोक दोन्ही एकच समजतात.

बरं, खरा शॅमरॉक कोणता, यावर तिथल्या लोकांचंही एकमत नव्हतं. १८९३ च्या सुमारास नॅथॅनियल कोल्गन या अभ्यासकाने गावोगावच्या लोकांकडून त्यांच्या मते खरी असलेली रोपं मुळासकट मागवली, लावली आणि फुलं येईपर्यंत थांबला. बहुतेक रोपं दोनच जातींची निघाली, एक पिवळ्या फुलाची, एक पांढऱ्या. १९८८ मध्ये पुन्हा तसंच करून पाहिलं, उत्तर साधारण तेच आलं.

आपल्याला फुलापर्यंत थांबायला नको. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड आणि ताठ. पाठ फिकट, किंचित लवदार. कांचनाचं पान मोठं, पातळ, गुळगुळीत. फुलंच बघायची तर आपट्याची उन्हाळ्यात येतात, बारीक, पांढुरकी पिवळी. कांचनाची मोठी, गुलाबी-जांभळी. आमच्या सोसायटीतल्या कांचनाला दसऱ्याच्या सुमारास कळ्या धरू लागतात, आणि तेव्हाच लोक आपटा समजून फांद्या ओरबाडतात. दुसऱ्या दिवशी तीच पानं झाडूखाली. तुमच्याकडच्या आपट्याच्याही फांद्याच्या फांद्या तुटून शहरात येतात, आणि त्या ओझ्याचे त्या बाईला किती मिळतात, ते तुम्ही आमच्याहून जास्त जाणता.

तिच्या गोणीत तळाशी आपट्याची एक लहान डहाळी निघाली. काकूंनी तेवढीच घेतली, पैसे मात्र मोठ्या जुडीचे दिले. घरी येऊन आम्ही एकेक पान वाटून घेतलं.