रक्त : करारांतलें आणि देहांतलें



कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशीं उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लई अशीं रायगड जिल्ह्यांतील दोन गांवें आहेत. रेवदंड्याच्या कोटांत पोर्तुगीज प्रार्थनामंदिरांचे भग्नावशेष दिसतात. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणांतून झालेली बोली अद्यापि बोलली जाते. ह्याच किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शतकानुशतकें नांदला. मनुष्यानें रक्त ह्या एका शब्दाचे किती निरनिराळे अर्थ केले, हें समजून घेण्यास ही भूमि सोयीची आहे.

त्यांतील सर्वांत जुना अर्थ इस्राएली धर्मशास्त्राचा. प्राण्याचा जीव रक्तांत असतो आणि जीव ईश्वराचा असतो. सबब रक्त भक्षण करावयाचें नाहीं. तेलाचा धंदा करणारे आपल्याकडील बेने इस्राएल लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. पशूचें रक्त वाहूं देऊन मगच मांस शिजविण्याचा नियमही त्यांनीं जपला.

येशू ह्याच परंपरेंत वाढला. मिसर देशांतील सुटकेच्या रात्रीं कोकराचें रक्त दाराच्या चौकटीस लावल्यानें इस्राएलांचे ज्येष्ठ पुत्र वांचले, अशी कथा आहे. तिच्या स्मरणाचा सण तो वल्हांडण. त्या सणाच्या सुमारास, अखेरच्या भोजनाच्या वेळीं, येशूनें द्राक्षारसाचा प्याला शिष्यांपुढें केला व हें माझें रक्त होय असें सांगितलें. ज्या धर्मांत रक्त ओठांस लावणेंही निषिद्ध, त्या धर्मांतील माणसांना हें ऐकून काय वाटलें असेल! परंतु ह्या उद्गाराचें मर्म निषेधाच्या मुळाशींच आहे. जीव ईश्वराचा, म्हणून तो आपण घ्यावयाचा नाहीं. मात्र ईश्वरानें तो आपण होऊन दिला, तर नम्रतेनें स्वीकारावयाचा. प्राचीन काळीं करार रक्तानें पक्का होत असे. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या उत्तरार्धास 'नवा करार' हें नांव आहे तें त्यावरूनच.

मिस्सेमध्यें द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचें रक्त होतो असें कॅथॉलिक मानतात, तर अनेक प्रॉटेस्टंट पंथ त्यास स्मरणाची खूण समजतात. अर्थ कोणताही घेतला, तरी हें रक्त सर्वांकरितां सांडलें ह्याविषयीं दोघांचें एकमत आहे.

आतां इतिहास पाहूं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं चौल येथें किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. त्यांनीं मिस्सेचा प्याला आणला, तशीच 'रक्तशुद्धी'ची कल्पनाही आणली. एखाद्या ज्यू माणसानें बाप्तिस्मा घेतला, तरी त्याचे नातू-पणतू देखील 'नवे ख्रिस्ती' म्हणूनच ओळखले जात आणि त्यांच्या श्रद्धेविषयीं संशय घेतला जाई. १५६० मध्यें गोव्यास इन्क्विझिशन स्थापन झालें. १५९३ सालीं जेझुइट संघानें अशा घराण्यांतील वंशजांना आपलीं दारें बंद केलीं.

ह्या कल्पनेचा बळी गार्सिया द ओर्ता हा थोर वैद्य. ज्यू वंशाचा हा पोर्तुगीज गृहस्थ १५३४ मध्यें हिंदुस्थानांत आला. बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य व स्नेही होता. येथील औषधींवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. १५६८ सालीं तो वारला. पुढच्याच वर्षीं त्याच्या बहिणीस जिवंत जाळण्यांत आलें आणि १५८० मध्यें त्याच्या अस्थि उकरून जाळण्यांत आल्या. ज्यानें सर्व जातिधर्मांच्या रोग्यांच्या नाडीवर बोट ठेवलें, त्याच्या पदरीं हें आलें. वेदीवर जें रक्त सर्वांचें होतें, तें वेदीबाहेर कुळ पाहून तोललें जात होतें. आपणही हंसण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवांतले वेगळे पाणवठे आपण विसरलों नाहीं.

त्या काळचें वैद्यक रक्तास शरीरांतील चार रसांपैकीं एक मानी आणि तें वाढलें म्हणजे शीर तोडून काढी. आपल्याकडेही सुश्रुतानें रक्तमोक्षण सांगितलें आहे. जळवा व तुंबडी लावणें हे त्याचेच प्रकार. ह्यापुढचें एक पाऊल धर्मचिंतनांतूनच पडलें, हें ऐकून नवल वाटेल. मायकेल सर्व्हेटस ह्या स्पॅनिश वैद्यानें, जीव रक्तांत असतो तर तो तेथें शिरतो कसा, ह्याचा विचार करतां करतां १५५३ च्या आपल्या धर्मविषयक ग्रंथांत फुप्फुसांतून होणारा रक्ताचा प्रवास वर्णिला. कैरोच्या इब्न अल्-नफीस ह्यानें तो तेराव्या शतकांतच ओळखला होता. सर्व्हेटसला त्याच वर्षीं जिनिव्हांत पाखंडी म्हणून जाळलें. संपूर्ण रक्ताभिसरण विल्यम हार्वेनें १६२८ मध्यें सिद्ध केलें.

१९०१ सालीं कार्ल लँडस्टायनरनें रक्ताचे गट शोधले आणि एकाचें रक्त दुसऱ्यास निर्धास्तपणें देण्याचा मार्ग खुला झाला. यहोवाचे साक्षीदार हा पंथ बायबलांतील निषेधाच्या आधारें तें घेणें १९४५ पासून नाकारीत आला. बहुतेक ख्रिस्ती पंथ मात्र रक्तदानास परोपकारच समजतात. १९५२ मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. य. मो. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक विरळा गट प्रसिद्धीस आणला. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. अशा रोग्यास 'ओ' गटाचेंही रक्त चालत नाहीं. त्याच दुर्मिळ गटाचा दाता शोधावा लागतो.

रक्तगट आईबापांकडूनच येतो, हें खरें. तथापि सख्ख्या भावाचें रक्त न जुळावें आणि ज्याचें नांवगांवही ठाऊक नाहीं त्याचें जुळावें, असें रुग्णालयांत नित्य घडतें. रक्तशुद्धीचा हिशेब ठेवणाऱ्यांस ह्याहून सडेतोड उत्तर नाहीं. रक्ताचें मोल तें कोणत्या कुळांतून आलें ह्यावर नव्हे, तर तें कोणासाठीं दिलें ह्यावर ठरतें. प्याल्याचा अर्थ हाच आहे, आणि रुग्णालयांतल्या बाटलीचाही.