योसेफ सुदेक यांची खिडकी : एकांत आणि मुद्रित प्रत

चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक (१८९६–१९७६) यांची 'माझ्या स्टुडिओची खिडकी' ही चित्रमालिका १९४० ते १९५४ या काळातील आहे. प्रागच्या माला स्त्राना भागात एका इमारतीमागील अंगणात त्यांचा लहानसा लाकडी स्टुडिओ होता. १९२७ पासून ते तेथे काम करीत. मालिकेचा विषय अगदी मोजका : काचेवर साचलेले दव, तिच्यावरून ओघळलेले थेंब, पलीकडे अंगणातील एक वाकडे झाड, क्वचित खिडकीच्या फळीवर ठेवलेला पेला. माणूस जवळजवळ नाहीच. या चित्रांतील एकांताचे मूळ कोठे शोधावयाचे?

सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले चरित्रातील. सुदेक मूळचे पुस्तकबांधणीचे कारागीर. पहिल्या महायुद्धात इटालीच्या आघाडीवर जखमी होऊन त्यांनी उजवा हात गमावला आणि तो व्यवसाय सुटला. दुसरे उत्तर इतिहासातील. मार्च १९३९ मध्ये प्राग जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले आणि कॅमेरा घेऊन रस्त्यावर हिंडणे जोखमीचे झाले. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. हात गेल्यानंतरच्या दशकात सुदेक यांनी संत व्हीटच्या कॅथेड्रलची जी चित्रे घेतली, त्यांत बांधकामाच्या पसाऱ्यावर उंच खिडक्यांतून प्रकाशाचे झोत कोसळतात. तेथे कोंडलेपणाचा मागमूस नाही. त्याच सुमारास, १९२४ मध्ये, फुंके व श्नेबेर्गर या सहकाऱ्यांसह त्यांनी चेक छायाचित्र संस्थाही स्थापन केली होती. जर्मन अंमल १९४५ मध्ये संपला. खिडकीची मालिका मात्र पुढे नऊ वर्षे चालू राहिली.

तिसरे कारण कारागिरीचे आहे, आणि त्याजकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. १९४० मध्ये सुदेक यांच्या पाहण्यात शार्त्र येथील एका शिल्पाची जुनी प्रत आली. ती सुमारे ३० × ४० सेंटिमीटरच्या निगेटिव्हवरून, ते कागदावर थेट टेकवून काढलेली होती. त्यानंतर चित्रे मोठी करून छापण्याची पद्धत त्यांनी सोडली. प्रत निगेटिव्हएवढीच राहू लागली, त्यामुळे करड्या रंगाच्या अतिसूक्ष्म छटा अभंग उतरू लागल्या. पण लहान प्रत दालनाच्या दुसऱ्या टोकावरून दिसत नाही. तिच्यापुढे एका वेळी एकानेच, अगदी जवळ जाऊन उभे राहावे लागते. चित्रातील एकांत असा पाहणाऱ्याच्या वाट्यालाही येतो.

त्यांच्या रंगद्रव्याच्या प्रतींबाबत हे अधिकच खरे. या प्रक्रियेत रंगद्रव्य मिसळलेले जिलेटिन डायक्रोमेटने प्रकाशसंवेदी करतात. निगेटिव्हमधून जेथे जितका प्रकाश पोहोचेल तेथे ते तितके घट्ट होते. उरलेले कोमट पाण्यात विरघळून जाते. परिणामी चित्रातील काळोखाच्या जागी थर जाड राहतो, उजेडाच्या जागी पातळ. येथे छायेला अक्षरशः जाडी असते. 'फोटोग्राफी' या शब्दाच्या ग्रीक घटकांत प्रकाश आहे, मराठीने मात्र 'छायाचित्र' म्हणून छाया पत्करली. सुदेक यांच्या प्रतींना मराठी शब्दच अधिक शोभतो!

मराठीचा आणखी एक भेद येथे उपयोगी पडतो. एकाकीपण लादले जाते. एकांत माणूस शोधतो. सुदेक एकाकी नव्हते. बहीण बोझेना त्यांच्या कामात साहाय्य करी, आणि याच अंगणातील स्टुडिओत मंगळवारी मित्र ध्वनिमुद्रिका ऐकावयास जमत. यानाचेकच्या संगीताचे त्यांना विशेष वेड होते. खिडकीच्या आतली बाजू अशी गजबजलेली असे. कॅमेरा तेवढा पाठ फिरवून बसे. चरित्रावरून चित्राचा अर्थ लावणाऱ्यांची नेमकी येथेच फसगत होते.

पुढे सुदेक खिडकीबाहेर पडले. १८९४ सालच्या एका जुन्या पॅनोरमा-कॅमेऱ्याने त्यांनी प्राग व त्याचा परिसर टिपला, आणि १९५९ मध्ये त्यातील २८४ चित्रांचे 'प्राहा पानोरामातित्स्का' हे पुस्तक निघाले. निगेटिव्ह १० × ३० सेंटिमीटरचे, प्रतही तेवढीच. शहर उघडे, आकाश रुंद. तरीही त्या अरुंद पट्टीत डोळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश न्यावा लागतो, आणि माणसे तेथेही क्वचितच भेटतात.