पिंपावरचा आकडा

एका रसायन कारखान्यात मी बरीच वर्षं गोदाम सांभाळलं. एकदा परदेशातून काही पिंपं आली. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'विषारीपणा : श्रेणी १'. नवा मुलगा म्हणाला, ''काका, एकच तर आहे!'' आणि हातमोजे न घालताच पिंपाकडे वळला. मी ओरडलो म्हणून थांबला. पण चूक त्याची नव्हती. आमच्याच भिंतीवरच्या तक्त्यात १ म्हणजे किरकोळ आणि ४ म्हणजे जिवावरचं, असं छापलं होतं.

तो तक्ता मुळात अमेरिकेतल्या अग्निसंरक्षण संघटनेचा, १९६० च्या सुमाराचा. आग विझवायला आलेल्या माणसाला लांबूनच धोका कळावा, हा त्याचा हेतू. उभ्या चौकटीत चार खण : निळा आरोग्याचा, लाल ज्वलनशीलतेचा, पिवळा स्फोटक स्वभावाचा, पांढरा विशेष सूचनांचा. आकडा जितका मोठा, तितका धोका मोठा.

वाहतुकीची रीत वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९५६ साली शिफारशी केल्या. महामार्गावरच्या टँकरमागे १२०३ दिसलं, तर आत पेट्रोल आहे असं समजावं. हा आकडा ओळखीचा, धोक्याच्या मापाचा नव्हे.

आपल्या शेतकऱ्याला तिसरीच खूण ठाऊक. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८९ च्या नियमांनी कारखान्यांतल्या घातक रसायनांनाही लेबल आणि माहितीपत्रक बंधनकारक केलं.

एकच रसायन एका देशात 'विषारी', तर दुसऱ्या देशात नाही, असा गोंधळ होताच. म्हणून १९९२ च्या रिओ परिषदेत जगभर एकच पद्धत आणायचं ठरलं. २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लाल किनारीच्या चौकटीत काळी चित्रं, एकूण नऊ. कवटी, ज्वाला, हातावर सांडणारं आम्ल. अक्षरओळख नसलेल्यालाही ती समजावीत. मात्र या पद्धतीत श्रेणी १ सर्वांत भयंकर! आमचा मुलगा फसला तो इथेच.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या तक्त्याशेजारी नवा लावला आणि दोन्हींच्या मधे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं, 'आकडा कोणत्या पद्धतीचा, ते आधी पाहा.' मंडळी, आकडा खोटं बोलत नाही. पण तो कोणत्या भाषेत बोलतोय, हे माहीत हवं.