मणक्यांतील दुय्यम अर्बुदे
स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी यांचा कर्करोग पसरून मणक्यांत रुजतो. आडवे झाल्यावर वाढणारी पाठदुखी आणि मग पायातून नकळत निसटणारी चप्पल, ही लक्षणे वयावर ढकलू नयेत. मज्जारज्जू दबत असेल तर तासांनाही मोल असते. पॅचेल व सहकाऱ्यांच्या २००५ च्या चाचणीत शस्त्रक्रियेसह किरणोपचार घेतलेल्यांपैकी ८४ टक्के, तर नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. मात्र किरणांना चटकन दाद देणारी लिंफोमासारखी अर्बुदे तीत नव्हती. तिथे बहुधा किरणोपचारच आधी. अस्थिर कण्याला स्क्रू-सळ्यांचा आधार लागतो. यश एमआरआयवर ठरत नाही: वेदना किती उरली, झोप लागते का, संडासला एकट्याने जाता येते का, हे रुग्णच सांगू शकतो. त्यासाठी कण्याच्या कर्करोगाची स्वतंत्र प्रश्नावली आहे.